खरा दिसणारा खोटा गंज

मॉडेल रेल्वेचे एखादे छायाचित्र आठवून पाहा. रूळ मापात बसवलेले, खडी बारीक, वाघिणीवरचा प्रत्येक रिव्हेट जागच्या जागी, क्रमांकसुद्धा भिंगातून वाचता येईल इतका स्वच्छ. तरीही नजर पहिल्या क्षणीच निकाल देते, हे खेळणे आहे. आता त्याच साच्यातून निघालेली दुसरी वाघीण तिच्या शेजारी ठेवा. तिच्या वरच्या कडा गडद तपकिरी झाल्या आहेत, उभ्या पट्ट्यांच्या पायथ्याशी काळसर चिखल साचला आहे, दाराच्या बिजागरीखालून नारिंगी ओघळ उतरला आहे. इथे नजर अडखळते. बल्लारशाच्या यार्डात पादचारी पुलावरून कुणी खरी मालगाडी टिपली असावी, असे वाटू लागते.

दोन्ही वाघिणींचे प्लास्टिक एकच, मापे एकच. पहिलीत उणीव आहे ती फक्त मळाची. पण मळ म्हणजे तपकिरी रंगाचा हात, असे समजून कुणी फवारणी केली तर हाती येते ते घाण झालेले खेळणे. या कामाला छंदाच्या जगात ‘वेदरिंग’ म्हणतात, म्हणजे ऊन, पाऊस, धूळ आणि वापर यांचा वस्तूवर उमटलेला परिणाम रंगाने दाखवणे. माझ्या मते हे रंगकाम कमी आणि निरीक्षण जास्त आहे. खऱ्या वाघिणीवरचा प्रत्येक डाग कशामुळे तरी पडलेला असतो. ते कारण कळले की डाग कुठे काढायचा, किती काढायचा आणि कुठे मुळीच काढायचा नाही, हे आपोआप कळते.

समजून घेण्यासाठी एकच वाघीण घेऊ. भारतीय रेल्वेची बॉक्सएन, म्हणजे कोळशाची ती उघडी, उंच भिंतींची, तांबूस तपकिरी वाघीण. वणी, घुग्घुस, चंद्रपूर, कोराडी, परळी या पट्ट्यात वाढलेल्या माणसाने ती फाटकावर थांबून असंख्य वेळा पाहिलेली असते. कपलरपासून कपलरपर्यंत ती १०.७१३ मीटर लांब, रुळापासून ३.२२५ मीटर उंच. रिकामी असताना वजन साधारण साडेबावीस टन, आणि पोटात ५८ टनांच्या आसपास माल. मॉडेलकारांत सर्वांत रुळलेले माप म्हणजे एचओ, मूळ वस्तूच्या ८७ पट लहान. त्या मापात ही वाघीण जेमतेम १२.३ सेंटीमीटरची होते, तळहातावर मावेल एवढी.

थेंबाखाली काय घडते

लोखंडाला गंजायला पाणीही लागते आणि हवेतला ऑक्सिजनही. पण या दोघांची कामे एकाच ठिकाणी होत नाहीत, आणि मॉडेलकाराच्या दृष्टीने सगळी मेख तिथेच आहे.

पोलादी पत्र्यावर पाण्याचा एक थेंब पडला आहे असे समजा. थेंबाच्या काठाला पाण्याचा थर पातळ, म्हणून हवेतला ऑक्सिजन तिथे सहज पोहोचतो. मध्यभागी तो कमी पोहोचतो. या फरकामुळे थेंबात एक इवलासा विद्युतघट तयार होतो. मध्यभागी लोखंड विरघळू लागते, काठावर ऑक्सिजन खर्ची पडतो, आणि दोन्हीकडून आलेले घटक वाटेत भेटतात तिथे गंज बसतो. म्हणून गंजाचे कडे दिसते एकीकडे आणि लोखंड झिजते दुसरीकडे. केंब्रिजचे उलिक इव्हान्स यांनी हे थेंबाच्याच एका साध्या प्रयोगातून दाखवून दिले, आणि तो प्रयोग आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

आता हेच रंग दिलेल्या पत्र्यावर पाहू. कोळशाचा ढेकूळ आपटून रंगाला ओरखडा पडला. ओरखड्यात पाणी शिरले, पण रंगाच्या कडेखाली, आतल्या बाजूला, ऑक्सिजन कमी पडतो. गंज रंगाखाली सरपटत जातो. तयार झालेल्या गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा लागते. घट्ट झाकणाच्या डब्यात हरभरे भिजत घातले तर ते फुगून झाकण उचलतात, तसा हा गंज रंगाला खालून उचलतो. रंगाला फोड येतो, फोड फुटतो, पोपडा निघतो, उघड्या पडलेल्या पत्र्यावर पुन्हा पाणी बसते. म्हणून जुन्या वाघिणीवरच्या गंजाच्या चट्ट्याला एक ठरावीक बांधणी असते. मधोमध गडद, जवळजवळ काळपट तपकिरी, खडबडीत भाग. त्याभोवती उचललेल्या रंगाची फाटकी कड. आणि खालच्या बाजूला ताजा, फिकट नारिंगी डाग.

गंजाचा रंगही वयाप्रमाणे बदलतो. ताज्या गंजात लोखंडाची पाणी धरून ठेवणारी ऑक्साईडे जास्त असतात, ती नारिंगी-पिवळी दिसतात. ओले-कोरडे होण्याची अनेक आवर्तने झाली की थर दाट होतो, आतल्या बाजूला काळे ऑक्साईड तयार होते आणि एकूण छटा चॉकलेटी होते. नवशिका मॉडेलकार सगळीकडे नारिंगी लावतो आणि वाघीण रंगपंचमीहून आल्यासारखी दिसते. खऱ्या वाघिणीवर नारिंगी रंग थोडाच असतो, जिथे ओल अजून जिवंत आहे तेवढ्यापुरता. बाकी सगळा जुना, शांत तपकिरी.

डागांच्या जागा

बॉक्सएनचा दिनक्रम पाहिला की डागांचा नकाशाच हाती येतो.

खाणीजवळ वरून कोळसा ओतला जातो. औष्णिक वीजकेंद्रात अनेक ठिकाणी टिपलर नावाचे यंत्र वाघिणीला वरच्या कडेने घट्ट धरून अख्खीच्या अख्खी उलटी करते. त्यामुळे वरच्या कडेवर रंग टिकतच नाही. तिथे घासून उघडे पडलेले पोलाद असते, चकचकीत ओरखडे आणि त्यावर लगेच चढलेला गंज एकमेकांत मिसळलेले. जिथे टिपलर नाही तिथे लोडरचा बकेट आत घालून माल काढतात. बकेटचे धक्के आतून बसतात आणि बाजूचे पत्रे उभ्या पट्ट्यांच्या मधे बाहेर फुगतात. फुगवट्यावरचा रंग ताणाने तडकतो, म्हणून पत्र्याच्या मधोमध, एरवी जिथे गंजाचे काही कारण नाही तिथेही चट्टे दिसतात.

आतली बाजू तर वेगळेच प्रकरण आहे. कोळशाने प्रत्येक खेपेला भिंती खरवडल्या जातात, त्यामुळे आत रंग जवळजवळ नसतो. त्यात कोळशात गंधकाची संयुगे असतात. लोखंड आणि गंधकाचे खनिज हवा-पाण्याच्या संगतीत हळूहळू आम्ल तयार करते, आणि तळाच्या कोपऱ्यांत साचलेला ओला चुरा पत्रा खातो. पुढच्या बॉक्सएनएचएल वाघिणींसाठी गंजाला तोंड देणारे पोलाद निवडले गेले, त्यामागे हेही कारण आहे. म्हणून मॉडेल रंगवण्यापूर्वी ती कोणत्या जातीची वाघीण आहे हे पाहून घ्यावे. बॉक्सएनचा गंज बॉक्सएनएचएलवर चढवला तर जाणकाराला ते लगेच खटकते.

बाहेरच्या बाजूला पाण्याचे राज्य. पावसाचे पाणी वरच्या कडेवरून उतरते, दाराच्या बिजागरीत, वेल्डिंगच्या सांध्यात अडते, तिथला गंज धुऊन पुढे नेते आणि खाली ओघळ सोडते. ओघळ नेहमी उगमाशी दाट, अरुंद आणि खाली जाताना फिकट. उभ्या पट्ट्या तळाच्या आडव्या तुळईला मिळतात त्या खाचेत कोळशाचा चुरा आणि पाणी दोन्ही थांबतात, म्हणून सर्वांत जुना गंज तिथे.

खालच्या अंगाला, चाकांच्या चौकटीवर, रंग वेगळा. ब्रेकच्या ठोकळ्यांचा, चाकांचा आणि रुळांचा झिजलेला बारीक चुरा तिथे उडतो. ओतीव लोखंडाचे ठोकळे असत त्या काळात हा चुरा स्वतःच गंजून सगळ्या खालच्या अंगाला मऊ, एकसारखा तपकिरी रंग देत असे. आता मिश्र पदार्थांचे ठोकळे आले आहेत, छटा थोडी करडी झाली आहे, पण एकसारखेपणा तसाच. इथे ओघळ नाहीत, पोपडे नाहीत. धूळ बसते तशी ती सगळीकडे बसते. बेअरिंगच्या डब्यांपाशी मात्र वंगणामुळे काळे, किंचित ओले दिसणारे डाग असतात.

धूळ आणि गंज यांत गल्लत करू नये. छत्तीसगडमधल्या बैलाडिल्याचे लोहखनिज घेऊन किरंदुलहून विशाखापट्टणमकडे जाणाऱ्या वाघिणी लालभडक दिसतात. होस्पेटहून मुरगावकडे येणाऱ्या खनिजाच्या गाड्यांचेही तेच. ती लाली म्हणजे लोहखनिजाची भुकटी, रासायनिकदृष्ट्या गंजाचीच जवळची नातलग, पण वाघिणीच्या स्वतःच्या लोखंडातून ती आलेली नाही. म्हणून ती आडव्या पृष्ठभागांवर, कंगोऱ्यांच्या माथ्यावर बसते. गंज सांध्यातून बाहेर येतो, धूळ वरून येऊन बसते. गडचांदूरकडच्या सिमेंट पट्ट्यात फिरणाऱ्या वाघिणींवर पांढुरकी झाक असते, आणि सिमेंटची धूळ पावसात भिजून घट्ट झालेली असल्याने ती सहज धुऊनही जात नाही.

शेवटी माणसाच्या हाताच्या खुणा. रेल्वेच्या वाघिणीचा क्रमांक ११ आकडी असतो. त्यातला पाचवा आणि सहावा आकडा बांधणीचे वर्ष सांगतो. मॉडेलवर कोणता क्रमांक चिकटवला आहे त्यावरून तिचे वय ठरते, आणि वयावरून गंज. क्रमांक वाचता यावा लागतो, म्हणून बाकी सगळी वाघीण मळली तरी तेवढा चौकोन पुन्हा रंगवलेला असतो. जुन्या फिकट अंगावर तो ताज्या रंगाचा आयत, त्यावर पांढरी अक्षरे, शेजारी खडूच्या खुणा. मला विचाराल तर सगळ्या वेदरिंगमध्ये हा एक चौकोन सर्वांत जास्त खरेपणा आणतो, आणि तो काढायला सर्वांत कमी वेळ लागतो.

निसर्ग लहान होत नाही

इथवर खरी वाघीण झाली. आता तळहातावरच्या वाघिणीकडे येऊ. वाघीण ८७ पट लहान केली, पण पाणी, प्रकाश आणि रंगाचा थर यांना लहान करता येत नाही. वेदरिंगच्या बहुतेक सगळ्या युक्त्या या एका अडचणीवर शोधलेल्या तोडी आहेत.

ब्रशने दिलेला रंगाचा थर सुकल्यावर साधारण ०.०३ मिलिमीटर जाडीचा असतो. एचओच्या मापात तो अडीच मिलिमीटरहून जाड झाला. खऱ्या वाघिणीवर इतका जाड रंग कधीच नसतो. म्हणून मॉडेलवर प्रत्येक थर पातळ हवा, आणि दोन दाट थरांपेक्षा चार विरळ थर बरे.

पाण्याचे तर विचारूच नका. तीन मिलिमीटरचा थेंब या वाघिणीवर पाव मीटरहून मोठ्या गोळ्यासारखा बसेल. पृष्ठताणामुळे त्याला पत्र्यावरून खऱ्या पावसासारखे पातळ वाहताच येत नाही. त्यामुळे ओघळ आपोआप पडत नाहीत, ते ब्रशने ओढावे लागतात. पातळ रंग खाचांत उतरावा म्हणून त्यात भांडी घासायच्या द्रव साबणाचा किंचित अंश मिसळतात, त्याने पृष्ठताण कमी होतो आणि रंग गोळा न होता सांध्यांत पसरतो.

प्रकाशाचाही असाच घोटाळा. खोलीतला दिवा उन्हापेक्षा कितीतरी मंद. खऱ्या वाघिणीला दिलेला नेमका रंग आणून मॉडेलला लावला तर तो घरात गडद आणि जड दिसतो. शिवाय खरी वाघीण आपण दुरून पाहतो, मधली हवा आणि धूळ रंगांची धार कमी करते. म्हणून मॉडेलकार मूळ रंगात थोडा फिकट करडा किंवा पिवळसर पांढरा मिसळून छटा उतरवतो.

एका बाबतीत मात्र निसर्ग मदत करतो. बारीक दळलेल्या रंगभुकटीचे कण काही मायक्रॉनचे असतात. पाच मायक्रॉनचा कण ८७ पटीने मोठा केला तर अर्ध्या मिलिमीटरच्याही आत राहतो, म्हणजे बरोबर गंजाच्या चुऱ्याएवढा. आणि ही भुकटी बहुधा लोखंडाचेच ऑक्साईड असते. गेरू, हुरमुंजी, पिवडी हे सगळे त्याच घराण्यातले. गंज दाखवायला खऱ्या गंजाहून योग्य रंग दुसरा नाही.

यातच बॉक्सएनची खास अवघड बाजू दडली आहे. तिचा मूळ तांबूस रंगसुद्धा रेड ऑक्साईडचा, म्हणजे लोखंडाच्याच ऑक्साईडचा. रंग आणि गंज एकाच कुळातले असल्यामुळे नुसत्या छटेने ते वेगळे ओळखता येत नाहीत. हिरव्या किंवा निळ्या वाघिणीवर गंज उठून दिसतो, बॉक्सएनवर तो पोताने आणि चमकेने वेगळा दाखवावा लागतो. रंग किंचित गुळगुळीत, गंज पूर्ण कोरडा आणि खरखरीत. ज्याला बॉक्सएन साधली त्याला दुसरी कोणतीही वाघीण सोपी जाते.

आधी चमक घालवा

कामाला सुरुवात साबणाच्या कोमट पाण्याने वाघीण धुण्यापासून. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट अंश आणि बोटांचा घाम निघाला नाही तर वरचे थर धरत नाहीत. कारखान्यातून रंगवून आलेल्या मॉडेलवर नंतर मॅट वॉर्निश फवारतात. त्यात सिलिकाचे अतिसूक्ष्म कण असतात, ते प्रकाश एका दिशेला परतवण्याऐवजी सगळीकडे विखुरतात. नुसत्या या एका थराने वाघिणीचे निम्मे खेळणेपण जाते.

त्यानंतर उन्हाने आलेला फिकेपणा. लोह ऑक्साईडचा रंग उन्हात सहसा उडत नाही. मग जुनी वाघीण फिकट का दिसते? रंगातला कण उन्हाला दाद देत नाही, पण कणांना धरून ठेवणारी राळ अतिनील किरणांनी तुटते. सुटे झालेले कण पृष्ठभागावर पावडरीसारखे राहतात आणि पांढुरकी झाक येते. जुन्या वाघिणीला बोट लावले तर बोटाला रंग लागतो तो यामुळेच. मॉडेलवर हे दाखवायला मूळ रंगाची बरीच फिकट छटा भरपूर पातळ करून, पत्र्याच्या मधल्या भागावर जास्त आणि कडांना कमी अशी फवारतात. एअरब्रश नसेल तर फिकट तैलरंगाचे बारीक ठिपके देऊन ते थिनरने ओलसर केलेल्या ब्रशने पसरवले तरी तोच परिणाम येतो, मला तर तो जास्त जिवंत वाटतो.

केसांच्या स्प्रेची युक्ती

पोपडे दाखवायची सर्वांत सुंदर पद्धत खऱ्या प्रक्रियेचीच उलटी नक्कल आहे. खऱ्या वाघिणीत आधी रंग, मग त्याखाली गंज. मॉडेलकार आधी गंज रंगवतो आणि त्यावर रंग चढवून तो उखडतो.

न रंगवलेली वाघीण घ्या. तिला गडद तपकिरी, त्यावर जागोजागी नारिंगी ठिपके असा गंजाचा थर द्या आणि वॉर्निशने पक्का करा. त्यावर केसांना मारायच्या साध्या हेअर स्प्रेचे दोन विरळ फवारे. स्प्रेत पाण्यात विरघळणारा बहुवारिक असतो, सुकला की त्याचा पातळ पापुद्रा होतो. त्यावर ॲक्रिलिक रंगात वाघिणीची मूळ तांबूस छटा. रंग हाताला कोरडा लागला पण पूर्ण मुरला नाही अशा वेळी पाण्याने भिजवलेला ब्रश लावून थोडे थांबा. ॲक्रिलिकच्या पातळ थरातून पाणी झिरपते, खालचा पापुद्रा विरघळतो आणि वरचा रंग आधार गमावतो. ताठ केसांच्या ब्रशने हलके घासले की तो फाटक्या कडांनी सुटतो, अगदी खऱ्या पोपड्यासारखा. ब्रश कुठे घासायचा हे डागांचा नकाशा सांगतोच. वरची कड, फुगवटे, बिजागरी, पट्ट्यांचे पायथे.

हीच गोष्ट मिठानेही होते. ओल्या गंजथरावर बारीक मीठ चिकटवायचे, वर रंग द्यायचा, सुकल्यावर मीठ घासून काढायचे. मिठाचे चट्टे अधिक दाणेदार येतात, म्हणून ते वाघिणीच्या आतल्या भिंतींना शोभतात. आधीच रंगवून आलेल्या मॉडेलवर या दोन्ही पद्धती चालत नाहीत. तिथे स्पंजचा फाटका तुकडा गडद तपकिरी रंगात बुडवून, कागदावर जवळजवळ कोरडा करून, कडांवर अलगद टिपायचा. स्पंजला नेमका आकार नसतो, हाच त्याचा गुण. ब्रशने काढलेले चट्टे माणसाने काढलेले दिसतात.

चौकट: थर कशावर कोणता

वरच्या थराच्या द्रावकाने खालचा थर विरघळता कामा नये, एवढा एक नियम सांभाळला की बरेच अपघात टळतात. तळाला ॲक्रिलिक, कारण ते सुकले की टर्पेंटाइनने सुटत नाही. त्यावर मॅट वॉर्निश. त्यावर तैलरंगाचे ओघळ, ते चुकले तर थिनरने पुसता येतात आणि खालचे काही बिघडत नाही. भुकटी सर्वांत शेवटी. फर्निचरवाल्यांचा कडक एनसी थिनर प्लास्टिकच विरघळवतो, तो दूर ठेवा. भुकटी वापरताना नाकाला मुसके, थिनर वापरताना खिडकी उघडी.

ओघळ

ओघळांना तैलरंगच हवा, त्याचे कारण सुकण्याच्या पद्धतीत आहे. ॲक्रिलिकमधले पाणी उडून जाते, कण एकमेकांना चिकटतात, काही मिनिटांत विषय संपतो. तैलरंगातले जवसाचे तेल मात्र हवेतला ऑक्सिजन घेऊन सावकाश घट्ट होते, त्याला दिवस लागतात. तेवढा वेळ ओघळ ओढता येतो, पुसता येतो, विरळ करता येतो.

बर्न्ट सिएना, बर्न्ट अंबर आणि येलो ऑकर या तीन नळ्या पुरतात. रंग आधी पुठ्ठ्यावर काढून ठेवावा, पुठ्ठा जादा तेल शोषून घेतो आणि रंग नंतर चमकत नाही. बिजागरीखाली टाचणीच्या टोकाएवढा ठिपका द्या. चपटा ब्रश थिनरमध्ये बुडवून कापडावर टिपा, इतका की तो जेमतेम ओलसर राहील. मग ठिपक्यावरून सरळ खाली, एकाच ओढीत. ब्रश ओला राहिला तर ओघळाऐवजी डबके होते. ओघळ सरळ उभा असावा, कारण उभ्या वाघिणीवर पाणी तिरपे वाहत नाही. आणि प्रत्येक बिजागरीखाली ओघळ काढू नये. काहींत पाणी अडते, काहींत नाही.

भुकटी

चाकांच्या चौकटीसाठी भुकटी. गेरू आणि कोळशाची पूड घरी करता येते, पण बाजारचा गेरू जाडसर असतो. तो कुटून पाण्यात ढवळावा, जड कण क्षणभरात तळाशी बसतात, वरचे गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात ओतून ते निवांत सुकू द्यावे. या दुसऱ्या भांड्याच्या तळाशी उरते ती मऊ माती मॉडेलला योग्य.

ती मऊ ब्रशने चौकटीवर शिंपडून वरून आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडतात. अल्कोहोलचा पृष्ठताण पाण्याच्या साधारण एकतृतीयांश, त्यामुळे ते भुकटीला घेऊन फटीफटीत शिरते आणि उडून जाते, भुकटी मागे राहते. थेंब सोडल्यावर ब्रशने घासू नये, अल्कोहोल खालचे ॲक्रिलिक मऊ करते. भुकटी पक्की करायला वॉर्निश फवारले तर ती अचानक गडद होते, काही वेळा दिसेनाशीच होते. कोरड्या भुकटीच्या कणांमध्ये हवा असते, त्या सीमेवर प्रकाश विखुरतो आणि भुकटी फिकट दिसते. वॉर्निशने ती हवेची जागा भरून निघाली की विखुरणे कमी होते. अंगणात पाणी शिंपल्यावर माती गडद होते ती याच नियमाने. म्हणून भुकटी हवी त्यापेक्षा फिकट आणि थोडी जास्त टाकावी. बॉक्सएनच्या आतल्या कोपऱ्यांत तर कोळशाची पूड अल्कोहोलने बसवून तशीच सोडावी, तिला कोण हात लावणार आहे?

चाकांना मात्र रंगभेद हवा. चाकाचा रुळावर टेकणारा भाग खऱ्या वाघिणीतही घासून लखलखीत असतो, त्यावर रंग लावायचा नाही. मॉडेलच्या चाकावरचा रंग निघून रुळांवर पसरतो आणि रुळांतून वीज घेणारे इंजिन अडखळू लागते, हेही आहेच. चाकाची बाहेरची बाजू मात्र चौकटीसारखीच तपकिरी. मधला कपलर जवळजवळ बिनरंगाचा, गडद गंजलेला, फक्त जबडा जिथे दुसऱ्या जबड्याला घासतो तिथे शिसपेन्सिलीचे टोक फिरवावे. ग्राफाइटची राखाडी चमक घासलेल्या पोलादाशी हुबेहूब जुळते.

एक वाघीण आणि अख्खा रेक

मॉडेलकार मळाला मान द्यायला शिकले, याचे बरेचसे श्रेय अमेरिकेतल्या जॉन ॲलन यांना जाते. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरे इथे त्यांनी घराच्या तळघरात गोरी अँड डिफीटेड नावाची काल्पनिक रेल्वे उभी केली. ते व्यवसायाने छायाचित्रकार, म्हणून प्रकाश, धूळ आणि सावली यांचे त्यांना अचूक भान. नवी कोरी इंजिने आणि वाघिणी मिरवण्याच्या काळात त्यांनी आपल्या गाड्या जाणूनबुजून मळक्या, थकलेल्या दाखवल्या, आणि त्यांच्या छायाचित्रांनी पुढच्या मॉडेलकारांची नजर बदलली. १९७३च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले आणि थोड्याच दिवसांत आगीत त्या रेल्वेचा बहुतांश भाग गेला. त्यांची छायाचित्रे आजही अभ्यासली जातात.

त्या छायाचित्रांत एकेका वाघिणीइतकीच लक्ष वेधून घेते ती त्यांची विविधता. खरा बॉक्सएन रेक, म्हणजे एकत्र जोडलेल्या वाघिणींची अख्खी माळ, ५८ वाघिणींच्या आसपासचा असतो. एचओच्या मापात तो सात मीटरहून लांब होतो, घराच्या दिवाणखान्यात मावत नाही, म्हणून आपण दहा-बारा वाघिणींवर भागवतो. वाघिणी कमी असल्या की सारखेपणा जास्त डोळ्यात भरतो. एकाच दिवशी, एकाच ब्रशने, एकाच मिश्रणाने सगळ्या रंगवल्या तर प्रत्येक वाघीण स्वतंत्रपणे खरी वाटेल, पण रेक खोटा वाटेल. खऱ्या रेकमधल्या वाघिणी वेगवेगळ्या वर्षी बांधलेल्या, वेगवेगळ्या कारखान्यांत दुरुस्त होऊन आलेल्या, वेगवेगळ्या मालाखाली खपलेल्या असतात.

म्हणून आधी प्रत्येकीच्या क्रमांकावरून वय ठरवावे. बहुतेक वाघिणी मध्यम जुन्या, फिकट अंगाच्या, कडा गेलेल्या ठेवाव्यात. एखादीच पार खाल्लेली, उभ्या पट्ट्यांच्या पायथ्याशी भोके पडायच्या बेतातली. दोन वाघिणींवर मागच्या फेरीतल्या लोहखनिजाची लाली. त्यांच्यामधे एक नुकतीच मोठी देखभाल होऊन आलेली, जिचा तांबूस रंग अजून ताजा आहे आणि क्रमांक लख्ख पांढरा. तिला ओघळ नको, पोपडे नकोत. चाकांच्या चौकटीवर तपकिरी धूळ, आतल्या तळाला कोळशाचा काळा चुरा आणि वरच्या कडेला टिपलरच्या पकडीचे दोन-चार ओरखडे, एवढे तिला पुरे.